तरंगमबाडीची लुथरन मंडळी आणि तंजावरचे भोसले

महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा इतिहास साधारणपणे १८१३ साली मुंबईत स्थिरावलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सांगितला जातो आणि पुढे स्कॉटिश मिशन, अहमदनगर, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक अशा ओळखीच्या वाटेने तो विसाव्या शतकापर्यंत येतो. या कथनात लुथरन हे नाव जवळजवळ येतच नाही. वास्तविक भारतातील पहिले संघटित प्रोटेस्टंट मिशन लुथरन होते, ते मुंबईच्या मिशनपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी जुने होते आणि ज्या भूभागावर ते उभे राहिले त्यावर त्या काळी तंजावरच्या भोसल्यांचे राज्य होते. कावेरीच्या मुखाजवळील तरंगमबाडी, म्हणजे युरोपीय कागदपत्रांतील ट्रँकेबार, येथील या मंडळीचा इतिहास तमिळ आणि जर्मन अभ्यासकांनी बारकाईने लिहिला आहे. मराठी इतिहासलेखनाने मात्र तंजावरचा विचार करताना ग्रंथालय, संगीत आणि नाटक यांच्याकडे जितके लक्ष दिले तितके या शेजाराकडे दिले नाही.

या मंडळीची उपासना समजून घ्यायची तर मार्टिन लुथरने सोळाव्या शतकात जर्मनीत जे बदल केले त्यांतील तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. लॅटिनऐवजी लोकांच्या बोलीत पवित्र शास्त्र वाचले जावे, असा त्याचा आग्रह होता. गायन हे पुरोहितवर्गाचे काम न राहता सबंध मंडळीने एकत्र गावे, हाही त्याच आग्रहाचा भाग होता. मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेसाठी जमणारा समाज. तिसरी गोष्ट प्रभुभोजनाची. येशूच्या अखेरच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या या विधीत त्या काळच्या कॅथलिक प्रथेनुसार सामान्य उपासकाला फक्त भाकर मिळत असे आणि प्याला धर्मगुरूंपुरता राखलेला असे. लुथरच्या अनुयायांनी तो प्याला सर्वांच्या ओठी लावला. बोली, गाणे आणि सामाईक प्याला या तीन गोष्टी घेऊन लुथरन पंथ कोरोमंडल किनाऱ्यावर उतरला. त्यांपैकी पहिल्या दोन तमिळ समाजाने आपल्याशा करून घेतल्या आणि तिसरीपाशी गाडे अडले.

डॅनिश ईस्ट इंडिया कंपनी १६१६ मध्ये स्थापन झाली आणि १६२० मध्ये ओव्ह गेडे या दर्यावर्दी अधिकाऱ्याने तंजावरचा नायक राजा रघुनाथ याच्याशी करार करून तरंगमबाडीची जागा वार्षिक खंडणीच्या बोलीवर मिळवली. समुद्राला लागून डान्सबोर्ग हा किल्ला बांधला गेला, त्याच्यामागे तटबंदीचे गाव वसले आणि डॅनिश झेंड्याखाली व्यापार सुरू झाला. पुढे १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतल्यावर ही खंडणी भोसल्यांच्या खजिन्यात जाऊ लागली. दोन्ही बाजूंचे संबंध सदैव सलोख्याचे राहिले असे नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांच्या फौजेने सतराव्या शतकाच्या अखेरीस तरंगमबाडीला वेढा घातला होता आणि मद्रासच्या इंग्रजांची मदत आल्यावरच डॅनिश त्यातून सुटले. या व्यापारी वसाहतीत १७०१ मध्ये झायन चर्च उभे राहिले. ते लुथरन असले तरी गोऱ्या रहिवाशांपुरतेच होते, तेथील भाषा डॅनिश होती आणि तटाबाहेरच्या कोळ्याविणकरांशी त्याचा काही संबंध नव्हता. कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही तो संबंध नकोच होता, कारण धर्मप्रसाराने आसपासचे व्यापारी आणि तंजावरचा दरबार दुखावला जाईल अशी त्यांना भीती वाटे.

मिशनची कल्पना कंपनीची नव्हती, ती डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याची होती. त्याला आपल्या देशात योग्य माणसे मिळाली नाहीत, म्हणून जर्मनीतील हाले येथील ऑगुस्ट हेरमान फ्रांके याच्या परिवारातून बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्लुत्शाऊ हे दोन तरुण निवडले गेले. हाले हे पिएटिझम या चळवळीचे केंद्र होते. मतांच्या काटेकोर मांडणीपेक्षा अंतःकरणातील पालट, नित्य शास्त्रवाचन, अनाथाश्रम आणि शाळा यांवर या चळवळीचा भर असे आणि तरंगमबाडीच्या मंडळीला पुढे जे वळण लागले त्याचे मूळ बऱ्याच अंशी तिच्यात सापडते. ९ जुलै १७०६ रोजी हे दोघे किनाऱ्याला लागले, तेव्हा त्सीगेनबाल्ग वयाची चोविशी पुरी करण्याच्या बेतात होता. अधिकाऱ्यांनी त्यांचे स्वागत थंडपणे केले आणि पुढे दोनच वर्षांत कमांडंट हासियुस याने त्सीगेनबाल्गला सुमारे चार महिने किल्ल्यात कैदेत ठेवले.

दोघांनी भाषा वाटून घेतल्या. प्लुत्शाऊ पोर्तुगीज शिकला, कारण बंदरात काम करणारे गुलाम, नोकरचाकर आणि मिश्र वंशाचे लोक मोडकी पोर्तुगीज बोलत. त्सीगेनबाल्गने तमिळ घेतली आणि त्यासाठी गावच्या पंतोजीला आपल्या घरी शाळा भरवायला लावून तो मुलांच्या रांगेत जमिनीवर बसला आणि वाळूत बोटाने अक्षरे गिरवू लागला. मराठी मुलुखात धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवणाऱ्या पोरांची जी पद्धत होती तीच ही, फक्त शिकणारा परदेशी पदवीधर होता. त्याने लवकरच ताडपत्रांवरील तमिळ ग्रंथ जमवले, त्यांची सूची केली, तमिळ पंडितांशी पत्रव्यवहार केला आणि १७१३ मध्ये दक्षिणेतील देवदेवतांवर एक विस्तृत ग्रंथ लिहून हालेला पाठवला. मिशनऱ्याने मूर्तिपूजकांच्या देवांचा अभ्यास करावा हे तेथे अनेकांना रुचले नाही आणि तो ग्रंथ छापून यायला १८६७ साल उजाडावे लागले. त्याची निरीक्षणे अनेक ठिकाणी त्याच्या स्वतःच्या धर्ममताच्या चौकटीत अडकलेली आहेत, तरीही ज्यांच्यात राहायचे त्यांचे ऐकून घेण्याची त्याची तयारी त्या काळच्या युरोपीय माणसात विरळाच म्हणावी लागेल.

मंडळीचे पहिले सदस्य समाजाच्या अगदी खालच्या थरातून आले. मे १७०७ मध्ये ज्या पाच जणांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याच्या विधीने ख्रिस्ती समाजात प्रवेश केला, ते डॅनिश घरांतील गुलाम होते. त्यानंतर काही महिन्यांतच तमिळ भाषकांचे बाप्तिस्मे सुरू झाले. १४ ऑगस्ट १७०७ रोजी जेरुसलेम या नावाचे छोटेखानी चर्च उपासनेसाठी खुले झाले. त्यात तमिळ आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत उपासना होई, म्हणजे एका छपराखाली दोन मंडळ्या नांदत होत्या. बसण्याची व्यवस्था त्या वेळीच ठरली: युरोपीय पोशाख करणारे बाकांवर आणि खुर्च्यांवर बसत, तमिळ पद्धतीने वस्त्र नेसणारे चटयांवर किंवा जमिनीवर बसत आणि पुरुष व स्त्रिया वेगवेगळ्या बाजूंना असत. ज्याला त्याला सवयीच्या आसनावर बसता यावे एवढाच हेतू त्यामागे दिसत असला, तरी बैठकीवरून माणसाची जागा ओळखण्याची सोय तिच्यामुळे झाली हेही खरे.

रविवारची उपासना मुख्यतः प्रवचन आणि गायन यांची होती. प्रवचन शास्त्रातील उताऱ्यावर होई आणि त्याच्या जोडीला प्रश्नोत्तरी चाले. लुथरने १५२९ मध्ये लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार म्हणजे श्रद्धेची मान्य सूत्रे, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विषय प्रश्न व उत्तर या रूपात मांडले आहेत. घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना आणि गड्यांना ते शिकवावेत अशी लुथरची अपेक्षा होती. तमिळ प्रदेशात ही पद्धत सहज रुजली, कारण तेथील शाळांत पाठांतर हाच शिक्षणाचा कणा होता आणि अक्षरशत्रू माणसालाही ऐकून ऐकून सबंध प्रश्नोत्तरी मुखोद्गत करता येई. प्रभुभोजन दर रविवारी नसे. ज्यांना ते घ्यायचे असेल त्यांनी आधी पाळकाकडे, म्हणजे मंडळीच्या दीक्षित धर्मसेवकाकडे, नाव नोंदवायचे, त्याने प्रत्येकाशी बोलून त्याची तयारी पाहायची आणि कोणाचे शेजाऱ्याशी भांडण असेल तर ते आधी मिटवायला सांगायचे अशी लुथरन रीत होती. या रीतीमुळे पाळकाला घराघरातील कर्ज, सोयरीक, मारझोड आणि रुसवेफुगवे यांची माहिती राही. चर्च हे उपासनेचे ठिकाण असतानाच गावकीच्या चावडीचे कामही करू लागले ते यामुळेच. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या नवख्रिस्ती माणसाला दाद मागायला दुसरी जागा उरली नव्हती, तेव्हा त्याच्या लग्नापासून अंत्यविधीपर्यंत सगळे मंडळीनेच निभावायचे होते.

चर्चला लागून शाळा आल्या. मुलांच्या शाळेबरोबर मुलींचीही शाळा मिशनने अगदी सुरुवातीच्या काळातच काढली आणि गरीब मुलांच्या जेवणाखाण्याची सोय केली. शाळेला पुस्तके हवीत आणि ताडपत्रावर नकला करून ती पुरत नव्हती, तेव्हा लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने छापखाना धाडला आणि १७१३ मध्ये हालेहून तमिळ खिळे आले. ते खिळे इतके मोठे होते की त्यांत छापायचे तर कागद अपुरा पडला असता, म्हणून तरंगमबाडीतच लहान खिळे ओतण्यात आले आणि त्यासाठी लागणारे शिसे विलायतेहून आलेल्या चीजच्या डब्यांच्या झाकणांतून काढले गेले. जवळच्या पोरैयार गावी कागदाची गिरणीही उभारली गेली. या छापखान्यातून तमिळ नवा करार, म्हणजे येशूचे चरित्र आणि त्याच्या शिष्यांची पत्रे असलेला बायबलचा उत्तरभाग, १७१४–१५ मध्ये छापून निघाला आणि त्याच सुमारास गायनपुस्तकही तयार झाले.

त्या गायनपुस्तकाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. जर्मन चर्चमध्ये सबंध मंडळी जी सरळ, संथ चालीची भजने गात असे, त्यांची मूळ चाल कायम ठेवून तमिळ शब्द तिच्यात बसवले होते. तमिळ छंदशास्त्राला ही मोजणी परकी होती. शब्दाच्या ऱ्हस्वदीर्घाचा आणि चालीच्या ठेक्याचा मेळ जागोजागी चुकत असे. तरीही ही गाणी टिकली, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती लग्नात, मर्तिकात आणि संध्याकाळच्या घरगुती प्रार्थनेत गायली गेली. पुढे मद्रासमधील वेपेरी येथे काम करणाऱ्या योहान फिलिप फाब्रिसियुस या मिशनऱ्याने अनेक भजनांना अधिक सफाईदार तमिळ रूप दिले. त्याने केलेले बायबलचे भाषांतर लुथरन मंडळ्यांनी इतके उराशी धरले की नंतरच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्यावरही त्यांनी ते सोडले नाही.

समुद्राच्या माऱ्याने पहिले जेरुसलेम चर्च निकामी झाल्यावर किंग्ज स्ट्रीटवर नवे चर्च बांधण्यास १७१७ मध्ये प्रारंभ झाला आणि ११ ऑक्टोबर १७१८ रोजी नव्या जेरुसलेम चर्चचे समर्पण झाले. क्रुसाच्या आकाराच्या या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर राजा फ्रेडरिकची मुकुटांकित नाममुद्रा आणि १७१८ हे साल आजही वाचता येते. पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी त्सीगेनबाल्ग मरण पावला आणि त्याला याच चर्चमध्ये पुरण्यात आले. त्या वेळी मंडळीत सुमारे २५० माणसे होती. क्रुसाकार आराखड्याचा एक परिणाम असा झाला की इमारतीचे बाहू वेगवेगळ्या समूहांना वाटून देणे सोपे गेले. वेल्लाळ या शेतीधारक जातीचे ख्रिस्ती आणि परैयर या अस्पृश्य मानलेल्या जातीचे ख्रिस्ती एकाच वेदीकडे तोंड करून, पण एकमेकांपासून अंतर राखून बसत. प्रभुभोजनाला आधी वेल्लाळ जात आणि मग परैयर. प्याला सर्वांना मिळे हे लुथरचे वचन पाळले गेले. तो कोणाच्या मागून मिळावा हे मात्र जातीने ठरवले.

मंडळीचे रोजचे काम ज्यांच्या बळावर चाले ते उपदेशी होते. उपदेशी म्हणजे दीक्षा न मिळालेला, पण शिकवणे, आजाऱ्यांना भेटणे आणि गावोगाव प्रवचन करणे ही कामे पाहणारा स्थानिक सेवक. युरोपीय मिशनऱ्यांना डॅनिश हद्दीबाहेर, म्हणजे तंजावरच्या राज्यात, मोकळेपणी फिरता येत नसे. उपदेशी मात्र कोठेही जाऊ शकत. यांपैकी राजानायक्कन हा तंजावरच्या मराठी फौजेतील शिपाई होता. जन्माने कॅथलिक असलेला हा माणूस तमिळ नवा करार वाचून लुथरन मंडळीकडे वळला आणि १७२० च्या दशकाच्या अखेरीस उपदेशी झाला. त्याच्या प्रयत्नाने तंजावरच्या मुलखात अनेक छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या. तरी १७३३ मध्ये देशी पाळक नेमण्याची वेळ आली तेव्हा दीक्षा मिळाली ती वेल्लाळ कुटुंबातील आरोन याला. आरोन लायक होता यात शंका नाही आणि भारतातील पहिला देशी लुथरन पाळक हा त्याचा मान निर्विवाद आहे. परंतु राजानायक्कन परैयर असल्याने त्याच्या हातून वेल्लाळ मंडळी प्रभुभोजन घेणार नाहीत, ही अडचण मिशनऱ्यांनी जमेस धरली होती. आयुष्यभर राबलेला हा उपदेशी उपदेशीच राहिला. मंडळीच्या इतिहासातील या अन्यायाला परिस्थितीची सबब पुरेशी नाही, कारण नकार देणाऱ्यांना तो नकार आपल्याच श्रद्धेच्या विरुद्ध आहे हे कळत होते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या इतिहासाचे केंद्र तरंगमबाडीहून तंजावरला सरकले आणि ते मुख्यतः क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ या मिशनऱ्यामुळे. प्रशियातील सोनेनबुर्ग येथे १७२६ मध्ये जन्मलेला श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीला आला, नंतर तिरुचिरापल्लीला राहिला आणि १७७८ पासून तंजावरला स्थायिक झाला. तमिळ आणि पोर्तुगीज तर तो बोलेच. तुळजाजी राजांशी व त्यांच्या दरबाराशी दुभाष्याविना बोलता यावे म्हणून त्याने मराठीही शिकून घेतली. राज्यकर्त्यांची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, पंडितांची संस्कृत आणि रंगभूमीची तेलुगू असा या नगरीचा बहुभाषक व्यवहार होता, त्यात मराठी येणारा मिशनरी ही राजवाड्याच्या दृष्टीने मोठी सोय होती. त्याचे वजन एवढे वाढले की १७७९ मध्ये इंग्रजांनी त्याला हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला पाठवले. किल्ल्यातील शिवगंगा तलावाजवळ, बृहदीश्वराच्या देवळाला अगदी शेजारी, त्याने त्याच सुमारास चर्च बांधले.

श्वार्ट्झच्या कार्यातील एक प्रसंग मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तंजावरची एक मराठी ब्राह्मण विधवा एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याबरोबर राहत होती आणि त्याच्याकडूनच तिला ख्रिस्ती शिकवण मिळाली होती. मात्र दोघांचे लग्न झालेले नसल्याने श्वार्ट्झने तिला आधी बाप्तिस्मा नाकारला. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर १७७८ मध्ये पाळैयंकोट्टै येथे त्याने तिला क्लॅरिंडा या नावाने बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांनी तेथील मंडळीची नोंदवही सुरू झाली तेव्हा तिच्यात ४० नावे होती आणि पहिले नाव क्लॅरिंडाचे होते. तिने पुढाकार घेऊन तेथे पक्के चर्च बांधले आणि १७८५ मध्ये श्वार्ट्झने त्याचे समर्पण केले. त्या चर्चला लोक आजही ब्राह्मण बाईचे देऊळ अशा अर्थाच्या तमिळ नावाने ओळखतात. तिरुनेलवेली भागातील विशाल प्रोटेस्टंट समाजाचा उगम या मंडळीत आहे. रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या शंभर वर्षे आधी एका मराठी स्त्रीने सबंध मंडळी उभी केली, ही गोष्ट महाराष्ट्रातील स्त्रियांच्या इतिहासात अजून नीट नोंदली गेलेली नाही.

तुळजाजींनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या सरफोजींना श्वार्ट्झच्या देखरेखीखाली दिले. गादीवर आलेल्या अमरसिंहांच्या काळात या मुलाचे हाल होऊ लागले, तेव्हा श्वार्ट्झच्या खटपटीने १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवून तेथे त्याच्या शिक्षणाची व्यवस्था करण्यात आली. सरफोजी १७९८ मध्ये राजे झाले, त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला श्वार्ट्झ वारला. राजांनी आपल्या गुरूसाठी लंडनचा नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी शिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरचा श्वार्ट्झ, त्याचा हात हाती धरलेला राजा आणि पायथ्याशी शाळकरी मुले असे ते शिल्प शिवगंगेजवळच्या चर्चमध्ये लावलेले आहे. श्वार्ट्झच्या समाधिलेखासाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजीत पद्य रचले. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. ते शेवटपर्यंत निष्ठावान शिवभक्त राहिले आणि १८०३ मध्ये भोसले घराण्याचा मराठी इतिहास त्यांनी शेजारच्याच बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवला. हाकेच्या अंतरावरील या दोन वास्तूंत एकाच राजाने एकाच दशकात आपली निष्ठा दोन प्रकारे नोंदवली आणि त्यांत त्याला कोठे विसंगती जाणवली असे दिसत नाही. लुथरन शिक्षणातून त्याने धर्म घेतला नाही, पण शाळा, छापखाना आणि नव्या शास्त्रांची गोडी घेतली. त्याच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावळी’ छापून निघाला, जो देवनागरीत छापलेल्या अगदी पहिल्या मराठी पुस्तकांपैकी एक आहे.

याच श्वार्ट्झच्या हाताखाली वाढलेला दुसरा विद्यार्थी म्हणजे तिरुनेलवेलीचा वेदनायगम शास्त्री, जन्म १७७४. कुरवंजी हा भविष्य सांगणाऱ्या डोंगरी स्त्रीला मध्यभागी ठेवून रचलेला तमिळ नाट्यप्रकार. वेदनायगमने त्यात ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचून ख्रिस्ती आशय आणि नवे खगोलशास्त्र ओवले. सरफोजींच्या नावावरील ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात तीच कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. एका शाळेचे हे दोन पदर एका कवीने तमिळमध्ये आणि एका राजाने मराठीत विणले. वेदनायगमची कीर्तने, म्हणजे पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण असे अंग असलेली कर्नाटक रागातील पदे, मंडळ्यांमध्ये झपाट्याने पसरली आणि जर्मन चालींच्या गाण्यांना तोडीस तोड ठरली. रामदासी मठांमुळे आणि भोसल्यांच्या आश्रयामुळे मराठी कीर्तनाचा नाद ज्या नगरीत घुमत होता तेथे एक ख्रिस्ती कवी टाळमृदंगाच्या साथीने शास्त्रातील कथा गाऊन सांगत होता. अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तन आणि टिळकांची भजने पुढे अवतरली, तो प्रवाह स्वतंत्र होता. श्रद्धा आपल्याच चालीत गाण्याची गरज मात्र दोन्हीकडे एकच होती.

श्वार्ट्झनंतर तंजावरच्या मंडळ्यांचा कारभार हळूहळू इंग्लंडच्या चर्चशी जोडलेल्या संस्थेकडे गेला आणि नवे तरुण मिशनरी आले. त्यांना जुनी वहिवाट ढिली वाटली. १८२९ च्या सुमारास वेदनायगमने या नव्या मंडळींविरुद्ध लेखी तक्रार मांडली. त्यांनी बायबलचे जुने भाषांतर बदलले, चर्चमधून तमिळ गायन हद्दपार केले, लग्नात आणि अंत्यविधीत फुलांचे हार वापरण्यास मनाई केली आणि जातींना सक्तीने एकत्र बसवले, असे चार आक्षेप त्याने घेतले. या तक्रारीपायी त्याची नोकरी गेली. सरफोजींनी त्याला आश्रय दिला. हा दस्तऐवज वाचताना वाचकाची सहानुभूती दुभंगते. गाणे, फुले आणि रुळलेला शब्द यांच्यासाठी कवी भांडतो तेव्हा तो पूर्णपणे योग्य आहे, कारण परदेशी सुधारकाला ज्या गोष्टी मूर्तिपूजेची खूण वाटत होत्या त्या तमिळ घराच्या सुखदुःखाच्या खुणा होत्या. पण त्याच यादीत, त्याच सुरात, तो वेगळ्या चटईचाही कैवार घेतो. परंपरा म्हणून हे सारे त्याच्यापुढे एकसंध उभे होते. ज्यांना ते एकसंध वाटत नव्हते ते परैयर उपासक त्याच चर्चमध्ये बसत होते आणि त्यांची बाजू मांडणारा कवी त्या पिढीत पुढे आला नाही.

कलकत्त्याचा बिशप डॅनियल विल्सन याने १८३३ मध्ये फर्मान काढून बैठकीतील, प्रभुभोजनातील आणि इतर सर्व व्यवहारांतील जातिभेद तत्काळ थांबवण्याचा हुकूम दिला. वेपेरी आणि तंजावर येथील बरेच वेल्लाळ कुटुंबकबिल्यासह बाहेर पडले. १८४० च्या दशकात ड्रेस्डेनहून आणि नंतर लाइपझिगहून नवे लुथरन मिशन तरंगमबाडीचा वारसा सांगत आले, तेव्हा यांपैकी कित्येकजण त्याच्याकडे वळले. या मिशनचा प्रमुख कार्ल ग्राउल हा तमिळचा मोठा अभ्यासक होता. जात ही मुख्यतः सामाजिक व्यवस्था आहे, ती कालांतराने आपोआप झिजेल आणि तिच्यावर हुकूमनाम्याने घाला घालू नये असे त्याचे मत होते. तमिळ समाजाविषयी त्याला वाटणारा आदर खरा होता, पण झिजण्याची वाट पाहायची होती ती ज्यांच्या पाठीवर ओझे होते त्यांनी. दुसऱ्या प्रोटेस्टंट मिशनांनी लाइपझिगवर यासाठी कडक टीका केली आणि हा वाद अनेक दशके चालला.

तरंगमबाडी गाव स्वतः या काळात ओसरत गेले. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी ते काही वर्षे ताब्यात ठेवले होते आणि १८४५ मध्ये डेन्मार्कने बंगालमधील श्रीरामपूरसह ते साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकले. व्यापार नागपट्टणमकडे गेला. चर्च, शाळा आणि छापखाना मागे राहिले, त्यांच्या आधारावर मंडळीही राहिली. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना हलवण्यात आल्यावर स्वीडिश मिशनने भार उचलला आणि १४ जानेवारी १९१९ रोजी तमिळ इव्हँजेलिकल लुथरन चर्च ही स्वायत्त संस्था स्थापन झाली. तिच्या बिशपचे मुख्य कार्यालय तिरुचिरापल्लीत असले तरी त्याची पदवी तरंगमबाडीचा बिशप अशीच ठेवण्यात आली. तंजावरचे श्वार्ट्झचे चर्च मात्र अँग्लिकन परंपरेत गेल्यामुळे १९४७ पासून दक्षिण भारताच्या संयुक्त चर्चचा भाग आहे. लुथरन मंडळ्यांत रविवारी आजही जर्मन चालीचे एखादे जुने भजन आणि त्याला लागून कर्नाटक रागातले कीर्तन गायले जाते. तमिळ लुथरन चर्चचे पहिले बिशप स्वीडिश होते आणि त्यांच्यामागूनही युरोपीयच आले. तरंगमबाडीच्या बिशपपदावर राजा मणिक्कम हे पहिले भारतीय आले ते १९५६ मध्ये, म्हणजे त्सीगेनबाल्ग किनाऱ्याला लागल्याला अडीचशे वर्षे आणि आरोनच्या दीक्षेला सव्वादोनशे वर्षे होत आली तेव्हा.